घरटी एक खराटा

खैरखोऱ्याच्या देवराईची राखण करून ठकूबाई गुरवणीच्या पदरात काय पडत होते, ते आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर ऐकणाऱ्यांतली चार शहाणी माणसे मनातल्या मनात तोच हिशेब करीत बसतील आणि गोष्टीतल्या महाराजांकडे त्यांचे लक्ष राहणार नाही. तर मिळकत अशी: झोलाई देवीच्या नावाचा भाताचा एक अरुंद तुकडा, त्याचाही वरचा बांध खेकड्यांनी पोखरलेला. देवळामागे एक खोली, पावसाळ्यात दोन ठिकाणी गळणारी. रोजच्या नैवेद्याचा भात, जो ती स्वतःच्या तांदळाचा स्वतःच शिजवीत असे आणि देवीला दाखवून स्वतःच खात असे. याउपर काही मिळत असेल तर ती पाठदुखी.

अशा या गावात त्या वर्षी माघ सरता सरता निवांत महाराज आले. घाट उतरून कोकणात जायचे म्हणून निघाले होते, पण पाय सुजले आणि झोलाईच्या देवळाच्या पायरीवर ते जे बसले ते उठेचनात. "हे पाय आता आमचं ऐकत नाहीत," महाराज म्हणाले, "तेव्हा आपणच त्यांचं ऐकावं."

संत गावात उतरले म्हटल्यावर गावाने आपापल्या इच्छा झटकून पुसून बाहेर काढल्या. कुणाला विहिरीला पाणी हवे होते, कुणाला आटलेली म्हैस पुन्हा दुभायला हवी होती. महाराजांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि बराच वेळ डोळे मिटले. लोकांना वाटले, समाधी लागली. ठकूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने ओळखले की महाराज नुसते झोपले आहेत. दमलेल्या माणसाला दमलेले माणूस लगेच कळते. तिने सगळ्यांना हातानेच घरी जायला सांगितले आणि पायांखाली एक पोते सरकवून दिले.

आता राईचे सांगतो. देवळाच्या मागून जी झाडी सुरू होते ती थेट डोंगराच्या खांद्यापर्यंत. चार माणसांच्या कवेत न मावणारे बेहडे, किंजळ, सातवीण, आणि या सगळ्यांना वेटोळे घालून बसलेली गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढी जाड. ही राई कुणी लावलेली नाही. कुणाच्या आजोबांच्या आजोबांनीही ती अशीच पाहिलेली. तिच्या पोटातून एक झरा निघतो आणि खैरखोऱ्याच्या तेवीसच्या तेवीस उंबऱ्यांचे पाणी त्या झऱ्याचे. राईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक. तो गावाने मनापासून पाळला. कारण काही न करण्याचा दंडक पाळायला कष्ट पडत नाहीत.

दुसरा दंडक मात्र कष्टाचा होता. शिमगा आटोपला की घरटी एका माणसाने खराटा घेऊन यायचे आणि राईच्या भोवतीने गवत कापून, पाचोळा झाडून, मातीचा उघडा पट्टा करायचा. उन्हाळ्यात खालच्या शेतांतून भाजावळ होते. भाताच्या रोपासाठी जमिनीवर शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांचा कवळ पसरून पेटवतात ना, तीच. त्यातली एखादी आग सुटली तर ती या पट्ट्यापाशी येऊन भुकेने मरावी, अशी ती जुनी योजना.

मग एका वर्षी मानकऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांचा पाय मुरगळला. त्यांनी माणसाऐवजी देवीला नारळ पाठवला. देवी काही रागावली नाही. पुढच्या वर्षी गावात आणखी पाचसहा जणांचे पाय मुरगळले. हळूहळू सगळे गावच लंगडे झाले आणि खराट्याच्या जागी नारळ येऊन बसला. नारळ फोडायचा मान मानकऱ्यांचा, आणि फोडलेल्यातले अर्धे भकलही त्यांचेच, त्यामुळे या नव्या रीतीत त्यांना काही वावगे दिसले नाही. राईला मात्र नारळाचा उपयोग नव्हता. कडेने घाणेरीची जाळी माजली. दर उन्हाळ्याला आग येई आणि राईचा एक घास घेऊन जाई. ठकूबाईचा नवरा, म्हणजे गुरव, होता तोवर तो एकटा मरमरून जमेल तेवढे झाडी. तो गेल्यावर खराटा ठकूबाईच्या हाती आला. आणि ती तर सगळीच राई झाडत सुटली!

महाराजांनी ते पायरीवरून तीन दिवस पाहिले. चौथ्या दिवशी हाक मारली.

"ठकूबाय, इकडं ये. काय करत्येस गं तू?"

"झाडत्ये, महाराज. देवीचं अंगण ना हे सगळं."

"त्या सातविणीखालचा पाचोळा कुठं टाकलास?"

"पल्याड, खड्ड्यात."

"आणि उद्या?"

"उद्या पुन्हा पडंल. पुन्हा झाडीन." ठकूबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "दोन वर्षं झाली, महाराज, एकदासुद्धा सगळी झाडून झाली नाही. एका टोकाला पोचत्ये तोवर दुसरं टोक भरतंय. आमचे हे असताना म्हणायचे, गुरवाचं काम केर काढायचं. म्हणून काढत्ये. पण आता हात वर जात नाही."

महाराज हसले नाहीत. त्यांनी तिला पायरीवर बसवले.

"आतला पाचोळा हे झाडांचं पांघरूण आहे, बाय. तू रोज त्यांचं पांघरूण काढून टाकत्येस आणि रोज ती बिचारी पुन्हा घेतायत. दोघं दमलात. पडलेलं झाड पडू दे, वेल चढू दे. आतलं आत बघून घेतं, किती पिढ्या बघितलंय. माणूस एक आणि काम शंभराचं असलं की पहिल्यानं काय सोडायचं ते ठरवावं. आत पाऊल टाकू नको. कड सांभाळ."

ठकूबाईला रडू आले. दोन वर्षे ज्या कामाने तिची कंबर मोडली ते करायचेच नव्हते, हे ऐकून माणसाला आनंद व्हावा की राग यावा? ती म्हणाली, "महाराज, हे दोन वर्षांपूर्वी का नाही आलात सांगायला?"

"पाय सुजले नव्हते," महाराज म्हणाले.

पण कड सांभाळायची म्हटली तरी ती डोंगराएवढी. त्यात घाणेरी कोयत्याने तोडायची, मुळे उपटायची, मग गवत, मग झाडणे. एकट्या बाईचे काम नव्हे. महाराजांनी मानकऱ्यांना निरोप धाडला.

दुलाजीराव शेडगे देवळात आले. धोतर परीटघडीचे, खांद्यावर उपरणे, चालण्यात आपण आल्याने देवळाला शोभा आल्याची खात्री. महाराजांना त्यांनी नमस्कार केला तो कमरेतून, गुडघ्यापर्यंत पोचला नाही.

"राव," महाराज म्हणाले, "शिमग्याला मुंबईची माणसं घरी येतील. या खेपेला नारळ नको म्हणावं. घरटी एक माणूस द्या, एकच दिवस."

"महाराज, आपण साधू माणूस, आपल्याला गावची अडचण काय कळणार?" दुलाजीराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "पोरं गिरणीतनं चार दिवसांच्या रजेवर येतात. त्यांच्या हातात पालखी द्यायची की खराटा? आणि गावफंडात शिल्लक म्हणाल तर पालखीच्या गोंड्यांना पुरत नाही. मजूर कुठनं लावू?"

"मग राई?"

"राई देवीची. देवी राखील. एवढी जागृत आपली झोलाई, तिला स्वतःचं रान राखता येऊ नये? मग देवी कसली?" सोबतचे दोघे हसले. मग दुलाजीरावांनी ठकूबाईकडे मान वळवली. "आणि ठकू, तुला मागंच सांगितलंय. यंदा राईत विस्तव शिरला तर गुरवकी माझ्या भाच्याकडं जाणार. गावकीत ठरलंय. खोली रिकामी करायची, शेत सोडायचं. एवढी झाडतेस झाडतेस म्हणतेस, ती काय राईला हळदीकुंकवाला बोलवायची आहे?"

ते दोघे पुन्हा हसले. ठकूबाई खराट्याच्या दोरीची गाठ घट्ट करीत राहिली.

महाराजांनी एक दीर्घ श्वास सोडला. "बरं. तुमचं म्हणणं देवीच्या कानावर घालतो, राव. तुम्ही म्हणालात तसंच्या तसं."

"घाला की!" म्हणत दुलाजीराव पायऱ्या उतरले.

शिमगा आला. पालखी नाचली, ढोल फुटेस्तोवर वाजले, नारळ आले, फुटले, वाटले गेले. चाकरमानी परत गेले. पट्ट्यावर कुणाचे पाऊल पडले नाही. ठकूबाई मात्र रोज उजाडताच कडेला लागे. महाराजही काठी टेकत तिच्या मागे येत, उभे राहता येत नसे म्हणून बसत, आणि बसल्या जागेवरून हाताने पाचोळा ओढून काढीत. पुढे सरकायचे तेव्हा पोते आधी पुढे सरकवायचे, मग स्वतः. एवढे मोठे संत, आणि उन्हात बसून पाने वेचताहेत! गावातली माणसे वाटेने जाताना थांबत, हात जोडीत, आणि निघून जात. हात जोडलेले असले की त्यांत खराटा धरता येत नाही, हे त्यातले सोयीचे.

फाल्गुन गेला. चैत्र लागला. पूर्वेची कड झाली, उत्तरेची झाली. पण आधी झाडलेल्यावर नवा पाला पडे. मागे जाऊन तो काढावा तर पुढचे राही. पश्चिमेची सबंध कड, जिकडून दुपारचा वारा येतो, तशीच होती. घाणेरी वाळून कडकडीत झालेली, गुडघाभर गवत सोन्यासारखे पिवळे. ठकूबाई त्या बाजूला बघणेच टाळी.

"उद्यापास्नं तिकडं लागू, महाराज," ती रोज म्हणे.

"लागू," महाराज म्हणत.

तो उद्या उजाडायच्या आत दुलाजीरावांनी भाजावळ काढली. भाजावळ सकाळी उरकायची असते, वारा उठायच्या आत. हे खैरखोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मजूर त्या दिवशी सकाळी दुसरीकडे गुंतलेले, ते दुपारी मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मिळतील याची खात्री नाही. "पेटवा रे," दुलाजीराव म्हणाले, "मी उभा आहे ना!" जणू वारासुद्धा मानकरी बघून वाहतो.

वाऱ्याने मान ठेवला नाही. कवळाच्या ढिगातून एक जळता पाला उडाला आणि बांधापलीकडच्या गवतात पडला. मजुरांनी घोंगड्या आपटल्या, डहाळ्या आपटल्या. पण गवताला लागलेली आग आणि चढ लागलेली आग यांना कोण धरणार? ती पश्चिमेच्या उतारावरून वर राईकडे धावली.

ठकूबाईने देवळातून धूर पाहिला. ती उठली. सकाळपासून उत्तरेच्या कडेवर पडलेला नवा पाला काढून ती दमली होती. खराटा घेऊन पायरीपर्यंत आली. ती खाली बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. धुराच्या वासाने वानरे राईतून ओरडत पूर्वेकडे पळत होती.

"गेली," ती म्हणाली. "महाराज, गेली राई. झरा गेला. माझं काय, मी कुठंही जाईन. पण ही एवढी जुनी झाडं माझ्या वेळेला जायची होती?"

महाराज गाभाऱ्याच्या दाराशी टेकून बसले होते. त्यांनी देवीकडे तोंड केले. मोठा मंत्र नाही, आवाज चढवणे नाही. शेजारणीशी बोलावे तसे म्हणाले, "आई, रावांचं म्हणणं तुझ्या कानावर घातलंच आहे. ही पोर दमली. मीही दमलो. आता तू बघ."

मग ठकूबाईला म्हणाले, "बस. पाठ टेक. कामाला माणसं आलीत."

"कुठली माणसं?"

"ऐक."

आणि खरोखर तिच्या कानावर आवाज आला. पश्चिमेकडून. खर्र, खर्र, खर्र. एक खराटा नव्हे, कितीतरी, एका लयीत. मध्येच कोयत्याचा खणखणाट, मध्येच बांगड्यांची किणकिण. गाव आले! शेवटी गावाला लाज वाटली! या एका विचाराने तिच्या अंगातली उरलीसुरली ताठरता निघून गेली. महाराज सोडले तर दोन वर्षांत तिच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला नव्हता. जाऊन त्यांना पाणी तरी द्यावे म्हणून ती उठू लागली, आणि उठता उठताच खांबाला टेकून गाढ झोपली. भाविकहो, देवीचा एवढा मोठा चमत्कार चालला होता आणि जिच्यासाठी तो चालला होता ती घोरत होती! महाराजांनी तिला उठवले नाही.

ती जागी झाली ती माणसांच्या कालव्याने. ऊन कलले होते. देवळासमोर गाव जमले होते आणि पुढे दुलाजीराव उभे होते. परीटघडीचे धोतर गुडघ्यापर्यंत काळे, उपरणे नाही, पायात वहाण नाही. त्यांच्या तोंडचा रंग पाहून ठकूबाईला वाटले, राई जळाली. ती धडपडत मागे धावली. वर पाहिले. बेहडे उभे होते. किंजळ उभी होती. पश्चिमेच्या कडेला उतार काळाठिक्कर जळलेला, आणि जिथे राई सुरू होते तिथे तांबड्या मातीचा रुंद, लख्ख झाडलेला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळे त्याच्या खालीच थांबलेले. वरचे एक पानसुद्धा करपलेले नाही.

ती परत आली आणि गावातल्या बायांसमोर हात जोडून उभी राहिली. "तुमच्या पायी वाचली गं बायांनो."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "आम्ही नाही गो ठकूवैनी," त्यांतली एक म्हणाली. "आम्हाला वाटलं वरच्या वाडीतल्या गेल्या."

"आम्हाला वाटलं खालच्या," वरच्या वाडीतली म्हणाली.

"मी बघितल्या," दुलाजीराव म्हणाले. "महाराज, मी बघितल्या. खालनं, बांधावरनं. आगीच्या पुढं बायांची रांग झाडत होती. हिरवी लुगडी, सगळ्यांची एकसारखी. मी ओरडलो, 'कुणाच्या गं तुम्ही? भाजून मराल!' तर सगळ्यांनी एकदम मान वळवली."

"मग?"

"चेहरा एकच होता, महाराज. सगळ्यांचा एकच." त्यांनी गाभाऱ्याकडे बोट केले. पालखीत बसणारा देवीचा चांदीचा मुखवटा तिथे ठेवलेला होता. दर शिमग्याला तो पालखीत बांधायचा मान दुलाजीरावांचा. त्या चेहऱ्याची ओळख पटायला त्यांना दुसऱ्याला विचारावे लागणार नव्हते.

सगळ्या गावाने मुखवट्याकडे पाहिले.

"किती जणी होत्या?" महाराजांनी विचारले.

भाविकहो, माणसाची सवय मोठी चिवट. देवी समोर उभी राहिली तरी दुलाजीरावांनी मोजदाद केली होती. "बावीस," ते म्हणाले. "दोनदा मोजल्या. घरटी एक म्हणावी तर एक कमी भरते. तेवीस उंबरे गावात. महाराज, तेवढंच मला कळेना. कुणाच्या घरची नव्हती?" आपल्याच घरावर देवीने पाठ फिरवली असावी, ही भीती त्यांच्या डोळ्यांत उतरली. "माझ्या घरची नव्हती का?"

"तुमच्या घरची होती, राव," महाराज थकलेल्या आवाजात म्हणाले. "जे आले नाहीत, त्या सगळ्यांच्या घरची एकेक होती. तुमच्या माणसांच्या जागी देवीच उभी राहिली. ठकूच्या घरचं माणूस मात्र दोन वर्षं कामावरच आहे. तिच्या जागी देवीनं कशाला यायचं?"

दुलाजीराव पुढे आले. मग खाली वाकले. या खेपेला नमस्कार गुडघ्यांपाशी थांबला नाही, कपाळ थेट मातीला टेकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या कशाला पडता? माझा काय संबंध? तिच्या पडा."

मानकरी वळले आणि सगळ्या गावादेखत गुरवणीच्या पायांवर डोके ठेवते झाले. "ठकूबाई, चुकलो. गुरवकीचं नाव पुन्हा काढणार नाही. हे दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं."

ठकूबाई संकोचली. दोन पावले मागे सरली. "उठा, राव. असं करू नका. उठा, आणि आलाच आहात तर उद्या कोयता घेऊन या. दक्षिणेची कड अजून तशीच आहे."

"येतो," दुलाजीराव म्हणाले.

आणि ते आले. गावही आले, वरची वाडी, खालची वाडी, सगळे. मुंबईला पत्रे गेली, पुढच्या शिमग्याला चाकरमान्यांनी रजा एक दिवसाने वाढवून आणली. दुलाजीरावांच्या वाट्याचा पट्टा कधी नीट झाडून झाला नाही. खराटा धरायची सवय हाताला उशिरा लागली. त्यांच्या मागून ठकूबाई एकदा खराटा फिरवी.

महाराजांच्या पायांची सूज उतरली तशी ते एका सकाळी काठी घेऊन निघाले. ठकूबाईने विचारले, "महाराज, राई राखायची किती दिवस?" महाराज म्हणाले, "ती तुला राखत्ये तोवर." मग घाटाच्या वाटेला लागले.

आता हिशेब पुरा करू. त्या दुपारी बावीस घरांची वेठ देवीने स्वतः उचलली, आणि त्या बावीस घरांनी आजवर दर वर्षी एकेक दिवस झाडून ती परत केली आहे, तरी फिटली असे कुणी म्हणत नाही. महाराजांनी आपले सुजलेले पाय दिले. आणि तेविसावे घर, ज्याच्यावर देवीचे काहीच ऋण चढले नव्हते, त्याने आधीच सगळे देऊन टाकले होते.